जुन्या भयाचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा शब्द आपल्या समाजाला नवा नाही. ज्यांचे कुलदैवत कुशस्थळीहून प्रियोळास किंवा केळोशीहून कवळ्यास आले, त्यांना देऊळ हलविणे आणि पुन्हा उभारणे म्हणजे काय ते पुस्तकात वाचावे लागत नाही. आम्हां मंचेरियलच्या गोदाकाठी राहणाऱ्या मराठी मंडळींना याच गोष्टीचे आणखी एक रूप परिचयाचे झाले आहे. तेलंगणात मोठ्या देवालयाचे काम काढावयाचे तर आधी एक लहानसे तात्पुरते देवालय उभारून पूजाअर्चा तेथे हलवितात. त्यास ‘बालालयम्’ म्हणतात. यादगिरीगुट्ट्याचा लक्ष्मीनरसिंह कित्येक वर्षे अशा बालालयात राहिला, आणि २८ मार्च २०२२ रोजी कृष्णशिलेच्या नव्या मंदिरात त्याचे दर्शन सुरू झाले. प्राकार नवे, गोपुरे नवी, खांब नवे. गुहेतील स्वयंभू मूर्ती मात्र होती तशीच ठेवली. कारागिराला जणू एक रेषा आखून दिली होती, की येथवर तुझा हात चालेल, येथून पुढे नाही.

ही रेषा कोठे आखावी, हा प्रश्न अलीकडे माझ्यापुढे ज्या निमित्ताने उभा राहिला ते सांगितले तर काही वाचकांच्या कपाळावर आठ्या पडतील. निमित्त एका भयपटाचे आहे. अमेरिकेतील युनिव्हर्सल कंपनीने १९३१ साली काढलेला ‘फ्रँकेन्स्टाइन’ हा कृष्णधवल बोलपट दुरुस्त होऊन, धुऊनपुसून, घरी पाहावयाच्या तबकड्यांवर आला आहे. मेरी शेली या इंग्रज लेखिकेच्या १८१८ सालच्या कादंबरीवर तो आधारलेला आहे. एक शास्त्रज्ञ प्रेतांचे अवयव जोडून माणूस घडवितो, त्यात प्राण ओततो, आणि मग आपल्याच निर्मितीला भिऊन तिच्याकडे पाठ फिरवितो, एवढी ही गोष्ट. देवळाशी तिचा काय संबंध, असे कोणी विचारील. मला तर तो फार जवळचा वाटतो.

चित्रपटाचा जीर्णोद्धार कसा होतो ते थोडक्यात सांगितले पाहिजे. त्या काळची फिल्म नायट्रेटची असे. ती हळूहळू कुजते आणि पेटली तर विझविणे कठीण. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट कोठारास जानेवारी २००३ मध्ये आग लागली, तेव्हा आपल्याकडील किती जुनी चित्रे काही तासांत राख झाली! जे अशा आगींतून वाचते त्याची एकेक चौकट यंत्राने टिपून घेतात आणि मग संगणकावर ओरखडे, धूळ, डाग काढतात. येथवर कोणाचीच तक्रार नसावी; मूर्तीवरची काजळी पुसण्यासारखेच ते आहे. परंतु फिल्मवर ओरखड्यांखेरीज आणखी एक बारीक कण सर्वत्र दिसतो. तो मळ नव्हे. चित्र ज्या चांदीच्या क्षारांनी उमटले त्यांचाच तो पोत आहे. आजच्या डोळ्यांना तो मळासारखा दिसतो म्हणून अतिउत्साही कारागीर यंत्राकडून तोही पुसून घेतो. मग माणसांचे चेहरे मेणाचे दिसू लागतात. राक्षसाचे काम करणाऱ्या बोरिस कार्लोफच्या पापण्या रंगभूषाकार जॅक पिअर्स याने खरोखरच मेणाने जड केल्या होत्या. बाकी सारे चेहरेही मेणाचे झाले तर त्या एका चेहऱ्यातले मरण वेगळे कसे दिसावे? दगडावरची छिन्नीची खूण आणि दगडावरचा शेंदूर यांतला भेद ज्याला कळत नाही त्याच्या हाती कोणतीही मूर्ती देऊ नये.

पण हा झाला कारागिरीचा भाग. खरा पेच नीतीचा आहे, आणि तो या चित्रपटातील दोन ठिकाणी उभा राहतो.

पहिले ठिकाण प्राणप्रतिष्ठेचे. मृत हात हालताच शास्त्रज्ञ वेडावल्यासारखा ओरडतो, आणि देव असणे म्हणजे काय ते आता आपल्याला कळले, अशा अर्थाचे वाक्य बोलतो. पुढे अमेरिकेत चित्रपटांचे नियम कडक झाले, आणि चित्र पुन्हा प्रदर्शित करताना धर्मभावना दुखावू नयेत म्हणून या वाक्यावर मेघगर्जनेचा आवाज चढविण्यात आला. अनेक वर्षांनी घरगुती प्रतींत ते वाक्य परत आले. ते परत आणणे योग्य की अयोग्य? श्रद्धाळू माणसाने आधी सेन्सॉरची बाजू घ्यावी हे स्वाभाविक आहे. परंतु आपला कीर्तनकार काय करतो ते पाहा. प्रल्हादाचे आख्यान लावताना तो हिरण्यकशिपूच्या तोंडचा ‘मीच ईश्वर’ हा माज गाळतो काय? उलट तो आवाज चढवून, मिशीवर पीळ देऊन ते वाक्य म्हणतो. ते नसेल तर खांब फुटण्याला कारण उरत नाही, नरसिंह उगाच प्रकट झाल्यासारखा होतो. शास्त्रज्ञाचे उद्दाम वाक्य गर्जनेखाली बुडविले की पुढची सारी शिक्षा निष्कारण होते, आणि धर्माच्या रक्षणासाठी जे झाकले त्यानेच गोष्टीतला धर्म नाहीसा होतो.

दुसरे ठिकाण अधिक हृदयद्रावक आहे. राक्षस रानात भटकताना तळ्याकाठी एका लहान मुलीला भेटतो. ती त्याला भीत नाही. ती त्याला फुले देते. दोघे मिळून ती पाण्यावर टाकतात आणि तरंगणारी फुले पाहून तो अजाण प्राणी हसतो. फुले संपतात. मुलगीही अशीच तरंगेल असे वाटून तो तिला उचलून पाण्यात टाकतो, ती बुडते, आणि तो भांबावून पळतो. हे दृश्य क्रूर म्हणून कापण्यात आले. पण कात्री कोठे लागली? तो तिच्याकडे हात पुढे करतो नेमके तेथे. त्यानंतर प्रेक्षकाला दिसते ते एकदम मुलीचे प्रेत हातांवर घेऊन गावातून चालणारा तिचा बाप. मधल्या रिकाम्या जागेत प्रेक्षकाने काय काय कल्पिले असेल ते लिहवत नाही. सभ्यतेच्या रक्षकांनी एका अजाणाला नराधम ठरविले, आणि पिढ्यान् पिढ्या ते पात्र त्या न केलेल्या पापाचे ओझे वाहत राहिले. १९८० च्या दशकात घरगुती प्रतींत हे दृश्य परत आले तेव्हा केवळ काही फूट फिल्म जोडली गेली नाही. एका आरोपीला त्याची साक्ष परत मिळाली. माझ्या मते जीर्णोद्धाराचा याहून न्याय्य प्रसंग दाखविणे कठीण आहे.

‘मग मुळास काहीच लावू नये, हा नियम झाला की!’ असे कोणी म्हणेल. तसेही नाही. जर्मनीत मुर्नाऊने १९२२ साली काढलेला ‘नोस्फेराटू’ हा मूकपट दिवसा चित्रित करून रात्रीच्या दृश्यांपुरती फिल्म निळ्या रंगात बुडविलेली होती. पुढच्या प्रतींतून तो रंग गेला, आणि सूर्यप्रकाशाने ज्याचा नाश व्हावयाचा ते पिशाच भर उन्हात फिरताना दिसू लागले. तेथे रंग चढविणे हाच जीर्णोद्धार होता. लावावे की काढावे याला सूत्र नाही. कृतीचा हेतू ओळखावा लागतो, आणि त्यासाठी नुसते यंत्र पुरत नाही.

आपल्याकडचे उदाहरण घेतो. बॉम्बे टॉकीजचा ‘महल’ १९४९ साली आला. पडका वाडा, झोका, दुरून येणारे गाणे. मंगेशीच्या नावाचे आडनाव लावणाऱ्या एका तरुण मुलीचा तो आवाज. तिच्या गाण्याच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेवर तिचे नाव नव्हते. पडद्यावरच्या पात्राचे, ‘कामिनी’ हेच नाव छापलेले होते. तो आवाज दुरून जवळ येत आहे असे वाटावे म्हणून लताबाई लांबून ध्वनिक्षेपकाकडे चालत येत गायल्या, असे त्यांनीच पुढे सांगितले आहे. आता एखाद्या कारागिराने ‘आवाज बारीक आहे’ म्हणून आरंभ उंचावून साऱ्या गाण्याची पातळी एक केली तर? गाणे स्वच्छ ऐकू येईल. भूत मात्र निघून जाईल. आणि नावाचे काय? जुन्या ध्वनिमुद्रिकेचे चित्र छापताना त्यावर ‘लता मंगेशकर’ घालावे काय? घालू नये. अन्यायाची खूणही मुळाचा भाग आहे. शेजारी, निराळ्या अक्षरांत, खरे नाव लिहावे.

येथे तबकडीला देवळापेक्षा एक सोय अधिक आहे. देवळात एकच गाभारा. तबकडीवर दोन प्रती नांदू शकतात. ‘शोले’चा मूळ शेवट १९७५ मध्ये सेन्सॉरमुळे बदलावा लागला होता; ठाकूर स्वतः गब्बरला मारतो तो शेवट असलेली दुरुस्त प्रत २०२५ साली इटलीत बोलोन्या येथे दाखविण्यात आली. पण पन्नास वर्षे लोकांनी पाहिला, पाठ केला, तो दुसराच शेवट. त्यातला कोणता खोटा म्हणावयाचा? कर्त्याच्या मनातला एक, लोकांच्या स्मृतीतला दुसरा. मला दोन्ही हवेत, आणि एकाने दुसऱ्याला पुसलेले नको.

दशावतारातला संकासूर लहान मुलांना घाबरवितो, आणि तीच मुले पुढच्या वर्षी त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसतात. त्याचा काळा वेष कोणी उजळ करून दिला तर त्यांना तो ओळखूही येणार नाही. भयाला स्वतःची एक मर्यादा आणि एक शुचिता असते, ती बुरसट म्हणून झटकण्यासारखी नसते.

नार्वे येथील सप्तकोटीश्वराचा जीर्णोद्धार शिवछत्रपतींनी १६६८ साली करविला, तेव्हा त्याची नोंद दाराशी शिलालेखात कोरून ठेवली: कोणी केला, केव्हा केला. तीनशेहून अधिक वर्षे येणाऱ्या-जाणाऱ्याला ती वाचता आली. घरी आणलेल्या तबकडीच्या वेष्टनावर बहुधा ‘नव्याने सुधारलेली प्रत’ एवढेच असते. कोणती चौकट कोणत्या प्रतीतून घेतली, काय पुसले, काय जोडले, कोणाच्या सांगण्यावरून, हे त्यावर लिहावयास एक कागद पुरला असता.