डोंगरावरून उतरतांना

(शास्त्रपाठ : लूक ९ : २८–४३)

लूककृत शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायांत प्रभूच्या रूपांतराची कथा आहे. ती आम्ही मंडळींत दरवर्षीं वाचतों आणि बहुधा पर्वतावरच थांबतों. तेजस्वी मुख, शुभ्र वस्त्रें, मोशे व एलीया, मेघांतून आलेली वाणी, आणि तीन मंडप बांधूं म्हणणारा गोंधळलेला पेत्र, एवढें सांगून झालें कीं आमचा उपदेश संपतो. लूक मात्र तेथें थांबत नाहीं. दुसऱ्या दिवशीं ते डोंगर उतरून आले तेव्हां काय झालें, तें तो लागलींच सांगतो. खालीं मोठा लोकसमुदाय होता, आणि त्यांत एक बाप आपल्या एकुलत्या एका मुलासाठीं ओरडत होता. ह्या उतरण्यावर आम्हीं आजवर एकही उपदेश केला नव्हता. तो धडा आम्हांस गेल्या डिसेंबरांत पसरणीच्या घाटांत मिळाला. तो प्रिय वाचकांस, विशेषतः गांवोगांवच्या उपदेशक बंधूंस, सांगावा म्हणून हें लिहीत आहों.

नाताळाच्या उपासना व भेटीगांठी आटोपल्यावर मुलांनीं महाबळेश्वरचा हट्ट धरला. एका मित्राची मोटार मागून घेतली आणि आम्ही वाघोलीहून पहांटे निघालों. बरोबर आमच्या वृद्ध मातोश्री, पत्नी व दोन मुलें होतीं. निघण्यापूर्वीं एक गोष्ट घडली, ती प्रथम सांगितली पाहिजे. कारण दिवसभर ती आमच्याबरोबर गाडींत बसली होती.

वाघोलीच्या दगडखाणींवर खडी फोडण्याच्या यंत्रावर काम करणारा एक बंधु आमच्या मंडळींत आहे. नोव्हेंबरांतल्या तीन दिवसांच्या सभेंत तो उभा राहिला, रडला, आणि दारू सोडल्याची साक्ष त्यानें सर्वांसमक्ष दिली. मंडळीनें देवाचे उपकार मानले. आम्हींही आपल्या अहवालांत त्या गोष्टीला चार ओळी दिल्या. पहिल्या आठवड्यांत त्याच्या घरीं दोनदां गेलों. मग नाताळाची घाई लागली. निघण्याच्या पहांटे त्याच्या पत्नीचा फोन आला. “पाळकसाहेब, काल पगार झाला. ते रात्रभर घरी आले नाहीत.”

आम्हीं म्हटलें, “ताई, प्रार्थना करतों. उद्यां येतों.” आणि गाडी सुरू केली.

महामार्गावर सुरूरच्या फाट्यास वळून वाई गांठली. वाईहून पांचगणीपर्यंत सुमारें बारा किलोमीटरांत रस्ता जवळजवळ दोन हजार फूट चढतो. खालीं कृष्णेच्या खोऱ्यावर धुकें पसरलें होतें. तें विरत गेलें तसें धोम धरणाचें पाणी एकाएकी लखलखूं लागलें. मुलें एका खिडकींतून दुसरींत उड्या मारीत होतीं. मातोश्रींनीं शाल डोक्यावरून घेतली, आणि प्रत्येक वळणाला ‘जपून रे’ म्हणत राहिल्या. आम्हींही जपत होतों. दर वळणाला हॉर्न, खालचा गिअर, नजर समोर.

महाबळेश्वराची शोभा येथें वर्णीत नाहीं; ज्यांनीं पाहिली त्यांस ती ठाऊक आहे. एवढें सांगतों कीं लेकीनें विचारलें, “बाबा, इतक्या उंचावर हे रस्ते केले कोणी?” सर जॉन माल्कम व साताऱ्याचे प्रतापसिंह महाराज ह्यांच्या काळांत, १८२८–२९ च्या सुमारास, तेथें वसाहत झाली, हें आम्हीं सांगितलें. नंतर तेथें चिनी व मलायी कैद्यांचा तुरुंग होता, तो १८६४ पर्यंत चालला, आणि तेथील बरेचसे रस्ते त्या कैद्यांच्याच हातचे आहेत, हेंही सांगितलें. ती म्हणाली, “म्हणजे ज्यांनी रस्ता केला ते फिरायला आले नव्हते.” ह्यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. वाघोलीच्या त्या बंधूनें एकदां आम्हांस विचारलें होतें, “साहेब, महाबळेश्वर कसं असतं हो?” त्यानें जन्मभर रस्त्यांची खडी फोडली आहे, घाट पाहिलेला नाहीं.

अंधार पडण्यापूर्वीं घाट उतरावा म्हणून चार वाजतां परत फिरलों. गाडी मित्राची, इंधन आमचें. तें वांचावें ह्या हिशोबानें पांचगणी सोडल्यावर आम्हीं गाडी न्यूट्रलमध्यें टाकली, आणि केवळ ब्रेकच्या बळावर उतरूं लागलों. गाडी आपोआप चालली होती, मुलें पेंगत होतीं, आणि आम्ही रविवारच्या उपदेशाचा विचार करीत होतों.

पत्नी म्हणाली, “अहो, कसला तरी जळका वास येतोय.”

“पुढच्या ट्रकचा असेल.”

दोन वळणांनंतर पायाखालचा ब्रेक मऊ लागला आणि खालीं खालीं जाऊं लागला. पुढें वळण होतें, त्यापलीकडे दरी. आम्हीं घाईनें गिअर टाकला, हातब्रेक ओढला. यंत्र मोठ्यानें कण्हलें, आणि गाडी कठड्यापासून हातभर अंतरावर थांबली. कोणी बोललें नाहीं. धाकटा मुलगा रडूं लागला.

मागून स्ट्रॉबेरीच्या पेट्या भरलेला एक टेंपो आला. त्याचा चालक उतरला, चाकाजवळ हात नेऊन त्यानें झटकन मागें घेतला. “पाव्हणं, बायकापोरं घेऊन न्यूट्रलमधी उतरताय व्हय? ज्या गिअरात चढला त्याच गिअरात उतरायचं. बिरेक अडीअडचणीला.” मुलगा बाटली घेऊन पाणी ओतावयास धांवला, त्यालाही त्यानें अडविलें. तापलेल्या लोखंडावर गार पाणी पडलें तर तें तडकतें किंवा वांकडें होतें. अर्धा तास नुसतें बसा, असें सांगून तो गेला. ज्या वाचकांकडे मोटारी आहेत त्यांनीं हें ध्यानांत ठेवावें: उतारावर सतत ब्रेक दाबला तर तो तापतो, त्याच्या नळींतलें तेल उकळून वाफ होते, आणि वाफ दाबली जाते, चाक धरीत नाहीं. गिअरांत असलेलें यंत्र मात्र गाडीला मागें ओढून धरतें.

आम्ही कठड्यावर बसलों. मातोश्री म्हणाल्या, “चढताना तू दर वळणाला हॉर्न वाजवत होतास. उतरताना एकदासुद्धा नाही.”

बंधूंनो, हें वाक्य त्या दिवशीं आम्हांस मोटारीविषयीं वाटलें नाहीं. एलीया कर्मेलावर साडेचारशें संदेष्ट्यांपुढें डगमगला नाहीं. पुढें एक दिवसाची वाट रानांत जाऊन रतामाच्या झुडपाखालीं बसला आणि मरण मागूं लागला. मोशे सीनायवरून पाट्या घेऊन उतरला तेव्हां पायथ्याशीं वासरूं तयार होतें. चढण माणसाला जागें ठेवते. उतार आपोआप नेतो. आणि आमच्या मंडळ्यांत आम्ही काय करतों? बाप्तिस्म्याच्या दिवशीं व सभेच्या रात्रीं गाणीं म्हणत माणसाला वर चढवितों. मग पगाराच्या दिवशीं, बाजाराच्या दिवशीं, घरांत भांडण झालेल्या रात्रीं त्याला एकट्याला उतरूं देतों. तो घसरला कीं त्याचा विश्वासच कच्चा होता असें म्हणतों. आम्हींही तेंच म्हणणार होतों.

कोणी म्हणेल, पाळकानें सहलीस जाऊंच नये काय? असें आम्ही म्हणत नाहीं. प्रभूनें स्वतः शिष्यांना एकांतीं विसावा घेण्यास नेलें, हें मार्काच्या सहाव्या अध्यायांत आहे. सहलीचा आम्हांस पश्चात्ताप नाहीं. ‘उद्यां’ म्हटल्याचा आहे. मंडळीचे एक वडील त्या बंधूच्या घरापासून दोन गल्ल्यांवर राहतात. त्यांना एक फोन केला असता तर पुरे होतें. तो आम्हीं कां केला नाहीं? ज्याच्या साक्षीच्या चार ओळी आम्हीं लिहून पाठविल्या होत्या, तो पडला हें वडिलांस कळूं नये म्हणून. डोंगराच्या पायथ्याशीं त्या बापानें आपल्या मुलाची अवस्था सांगितली, शिष्यांना जमलें नाहीं हेंही सर्वांदेखत सांगितलें. प्रभूनें त्या मुलाला तेव्हांच जवळ आणावयास सांगितलें. आम्हांस मात्र आपला अहवाल मोठा वाटला.

कठड्यावरूनच वडिलांना फोन केला. ते एवढेंच म्हणाले, “मी निघतो.”

घाट दुसऱ्या गिअरांत उतरलों. खंबाटकीच्या बोगद्यापलीकडे इंग्रजी एस्‌ अक्षरासारखें उतरतें वळण आहे. तेथें एप्रिल २०१८ मध्यें विजयपूर जिल्ह्यांतून कामासाठीं येणाऱ्या मजुरांचें वाहन उलटून अनेक जण मेले. तेंही हळूच उतरलों. मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवीत राहिले. नगर रस्त्याच्या गर्दींतून वाघोलीस पोहोंचेपर्यंत रात्रीचे नऊ वाजून गेले. घरच्यांस दारांत सोडून आम्ही तसेच खाणीकडे गेलों.

वडिलांना तो संध्याकाळींच सांपडला होता. खडीच्या ढिगाआड बसून होता. नशा उतरली होती, पण घरीं चलण्यास तयार नव्हता. “पाळकसाहेबांनी माझं लिहून पाठवलंय,” तो वडिलांना म्हणत होता. “आता कुठल्या तोंडानं येऊ?”

वडिलांनीं त्याच्या अंगावर स्वतःचें कांबळें घातलें होतें. थंडी फार होती. आम्हीं त्याच्याजवळ बसून पहांटेच्या फोनाची व आमच्या उत्तराची सर्व हकीकत त्याला सांगितली, आणि क्षमा मागितली. तो कांहीं बोलला नाहीं. साडेदहाच्या सुमारास उठला. घरीं त्याच्या पत्नीनें तिघांसाठींही चहा ठेवला.

तेव्हांपासून पगाराच्या दिवशीं संध्याकाळीं वडील किंवा आम्ही, दोघांपैकीं एक जण, खाणीच्या फाटकाशीं उभा असतो आणि त्याच्याबरोबर घरापर्यंत चालत जातो. फेब्रुवारींत तो पुन्हां एकदां पडला. मार्चांत पडला नाहीं.