सोपा कोपरा

पुरंदर किल्ल्याच्या पायथ्याला एका शेतकऱ्याचं दोन खणांचं घर होतं. मुलाचं लग्न ठरलं, तशी घराला लागून आणखी एक खोली काढायचं त्याने मनावर घेतलं. पाडव्याला चुन्याची फक्की टाकून पाया खणायला सुरुवात झाली.

हातभर माती निघाली आणि पहार खणकन वाजली. खाली काळा कातळ होता, ६ कोटींहून अधिक वर्षांपूर्वी लाव्हा थिजून झालेला. जुनी भिंत शेजारीच असल्याने सुरुंग लावायची सोय नव्हती. म्हातारे पाथरवट आबा छिन्नीने ओळीत भोकं पाडत, त्यांत लोखंडी पाचरी बसवत आणि एकेकीवर घण घालत. पाचरीचा आवाज बदलला की ते हात थांबवत. मग कातळात बारीक रेघ उमटे आणि चीप सुटे. कातळ जिथे उतरता होता तिथे त्यांनी पायऱ्या पाडल्या, म्हणजे पाया घसरणार नाही. तीन कोपऱ्यांना आठ दिवस लागले.

"आबा, ही जमीन माझी वैरीण निघाली," शेतकरी म्हणाला.

चौथ्या कोपऱ्यात मात्र लोण्यात सुरी जावी तशी पहार गेली. तासाभरात अडीच फूट खड्डा झाला. शेतकरी हरखला. "देव पावला! उद्या भरून टाकू."

आबा काही बोलले नाहीत. त्यांनी कळशीभर पाणी घेतलं आणि निम्मं कातळावर ओतलं. ते तसंच साचून राहिलं. उरलेलं कोपऱ्यात ओतलं, ते बघता बघता जिरून गेलं.

"इथं पूर्वी काय होतं?" आबांनी विचारलं.

ओट्यावर तांदूळ निवडणारी शेतकऱ्याची आई म्हणाली, "माझ्या सासऱ्यांच्या वेळचा उकिरडा. मागनं माती लोटून बुजवला."

"पोरा," आबा म्हणाले, "कातळ दबत नाही. भराव दर पावसाळ्यात थोडा थोडा खाली बसतो. तीन कोपरे जागचे हलणार नाहीत, चौथा खचेल आणि भिंत तिरकी तडकेल. आठ दिवस ज्याला शिव्या दिल्यास, तोच तुझं घर धरून ठेवणार आहे. खरं काम या कोपऱ्यात आहे."

शेतकरी पुन्हा खड्ड्यात उतरला. काळी भुसभुशीत माती, खापरं, कुजकं लाकूड निघत राहिलं. सहा फुटांवर पहार पुन्हा खणकन वाजली. आठ दिवस नकोसा झालेला तो आवाज ऐकून या वेळी त्याने कातळाला हात लावून नमस्कार केला. मग तिथून वरपर्यंत काँक्रीट भरलं.

लग्न त्याच घरात झालं. तीन पावसाळे गेले. दर वर्षी पाऊस ओसरला की शेतकरी त्या कोपऱ्यावरून हात फिरवतो. भिंतीवर केसाएवढीही चीर नाही.

तात्पर्य : जे काम आपल्याला अडवतं, ते बहुधा आपल्याला पक्कं करत असतं. जे फार सहज होतं, त्याचा तळ एकदा तपासून घ्यावा.