एका वर्षाचे मोल

सरकारी सेवेत आयुष्य घालविलेल्या आम्हां लोकांस खर्चाचा हिशेब नवा नाही. पुलास किती पैसा लागेल आणि त्यावरून किती गाड्या जातील, हे मांडताना आमचा हात कापत नाही. परंतु रकान्यात पुलाऐवजी माणसाचे आयुष्य आले की लेखणी अडखळते. असा हिशेब मुळात करावाच का?

ब्रिटनमध्ये १९९९ साली स्थापन झालेली ‘नाइस’ ही संस्था हाच हिशेब करते. पूर्ण आरोग्याचे एक वर्ष हे तिचे माप. निम्म्या प्रतीच्या आरोग्याची दोन वर्षे तिच्या लेखी तेवढीच. अशा एका वर्षामागे वीस ते तीस हजार पौंड ही मर्यादा तिने दीर्घकाळ पाळली. एकदा हटून पुन्हा उलटलेल्या रक्तकर्करोगाची औषधे या मापात सहजी बसत नाहीत. ती महाग असतात, आणि त्यांनी लाभणारा काळ पुष्कळदा महिन्यांतच मोजावा लागतो.

ज्याच्या घरी हा आजार आहे, त्यास हे माप निर्दय वाटेल, आणि त्यास दोष देण्याचा अधिकार कोणासही नाही. त्या थोड्या महिन्यांत कित्येक वर्षांचे राहून गेलेले बोलणे होऊ शकते. तथापि तिजोरी एकच असते. येथे दिलेला पैसा कोठल्या तरी प्रसूतिगृहातून, कोठल्या तरी लसीकरणातून वजा होतो. ज्यांचे नुकसान होते त्यांचा अर्ज आपल्या टेबलावर नसतो. त्यांस नाव नसते, चेहरा नसतो. त्यांची बाजू मांडणारा वकील म्हणजे हा रुक्ष हिशेबच होय.

परंतु हिशेबातील किंमत ही काही दैवी आज्ञा नव्हे. मज्जेच्या कर्करोगावरील बोर्टेझोमिब या औषधास ‘नाइस’चा कल प्रथम प्रतिकूल होता. २००७ साली तोड निघाली: चार आवर्तनांत अपेक्षित गुण न आल्यास औषधाचा खर्च उत्पादकाने परत करावा. आपल्याकडे मुंबईच्या आय. आय. टी.ने व टाटा स्मारक रुग्णालयाने घडविलेल्या पेशी-उपचारास २०२३ साली मान्यता मिळाली. अमेरिकेत अशाच उपचाराची किंमत २०१७ साली पावणेपाच लाख डॉलर ठरली होती. हा त्याच्या सुमारे दशांशात उपलब्ध झाला. सामान्य घरास तोही परवडणारा नाही, हे खरे. पण आकडे हलविता येतात, एवढे त्यावरून सिद्ध झाले.

म्हणून हिशेब करावा, असेच आम्हांस वाटते. मात्र नकार लिहिण्यापूर्वी किंमत कमी करविण्याचा यत्न झाला की नाही, हे पाहावे. आणि नकारच द्यावा लागला, तर त्याचे कारण ‘नियमात बसत नाही’ एवढ्यावर न भागविता, रोग्याच्या समोर बसून सांगता येईल अशा शब्दांत लिहावे. तसे सांगण्याचे धैर्य होत नसेल, तर तो कागद पुन्हा एकवार वाचावा.