पहिले पन्नास तास

दसऱ्याला आमच्या दारात नवा ट्रॅक्टर आला. बॉनेटवर झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू. आईने ओवाळलं, कुंकवाचं बोट लावलं. पेढे वाटून संपायच्या आत ओसरीवर ऊसतोडीची टोळी कधी येणार, याची बोलणी सुरू झाली. कोल्हापूर-सांगलीकडे या मुहूर्ताची हीच अडचण आहे. दसरा होतो न होतो तोच कारखान्यांचे बॉयलर पेटतात, गळीत हंगाम लागतो, आणि हप्त्याची तारीख कुणासाठी थांबत नाही. मग कालचा ट्रॅक्टर आज दोन ट्रॉल्यांना जुंपला जातो. दोन ट्रॉल्या म्हणजे पंधरा-वीस टन ऊस. चढाला पुढची चाकं जमीन सोडतात, इतकी ओढ.

"पन्नास तास होईस्तोवर उसाला हात लावायचा नाही," मिस्त्री म्हणाले. कंपनीच्या पुस्तकातही हेच होतं. डॅशबोर्डवरच्या तासांच्या मीटरवर तेव्हा जेमतेम 3 दिसत होते.

नवं म्हणजे तयार, असं आपण धरून चालतो. यंत्राचं तसं नसतं. सिलिंडरच्या भिंतीवर कारखान्यातच एकमेकींना छेद देणाऱ्या बारीक रेघा पाडलेल्या असतात; त्यांत ऑइल धरून राहतं. पिस्टनच्या रिंगा त्या भिंतीवर घासत घासत तिच्याशी जुळतात. गिअरचे दातही एकमेकांत असेच बसतात. हे जुळणं होण्याआधी मोठं ओझं पडलं, तर उंचवटे तापून ओरखडतात, आणि तो ओरखडा इंजिन खोलेपर्यंत दिसत नाही.

मला जास्त विचारात पाडलं ते पुढच्या बोलण्याने. काका म्हणाले, "मग राहू दे की शेडमध्ये, सकाळ-संध्याकाळ चालू करून ठेवू." मिस्त्रींनी जोरात मान हलवली. नुसतं उभ्या उभ्या चालवलं, तर आत दाब तयार होत नाही. दाबाशिवाय रिंगा भिंतीला नीट टेकत नाहीत, भिंत गुळगुळीत होऊन बसते, आणि पुढे गाडी जन्मभर ऑइल खाते, धूर सोडते. म्हणजे अतिकाळजीनेही यंत्र बिघडतं. त्याला काम हवंच, पण पेलेल असं. नांगर नको, रोटर नको. कुळवणी चालेल, शाळूची पेरणी चालेल. रेस एकसारखी धरून ठेवायची नाही, कमी-जास्त होऊ द्यायची.

माझी भाची यंदाच शाळेत शिकवायला लागली. पहिल्या आठवड्यात सगळ्यांत दंगेखोर वर्ग तिच्या गळ्यात आला, आणि ती रडत घरी आली तेव्हा आम्ही म्हणालो, सोड ती नोकरी. दोन्ही चुकलंच. तिला हवा होता एक बरा वर्ग आणि मागच्या बाकावर बसून ऐकणारा कुणी जुना शिक्षक. हे मला ट्रॅक्टरपाशी उभं राहून कळलं, याचं वाईट वाटतं.

दिवाळीपर्यंत आम्ही पेरणी उरकली. शेजारच्यांच्या ट्रॉल्या भरून कारखान्याला जात होत्या आणि आमचा ट्रॅक्टर दोन एकर शाळू पेरत होता. धाकट्या भावाचा जीव रोज खालीवर व्हायचा. बरोबरच होतं त्याचं, हप्ता त्याच्या नावावर आहे. मीटरवर 50 दिसले त्या सकाळी मिस्त्री आले. चाकांचे नट पान्याने पुन्हा आवळले; काही खरोखरच सैल झाले होते. मग खाली घमेलं लावून ऑइल सोडलं. काळपट, कोमट. त्यातलं थोडं त्यांनी दोन बोटांत चोळलं आणि हात उन्हात धरला. बोटांवर बारीक चमकी होती, पिठासारखी मऊ.

"हे बघा," ते धाकट्याला म्हणाले, "आतली जुळणी झाली ती ही." त्यांनी बोटं चिंधीला पुसली. "आता नवं ऑइल घाला, फिल्टर बदला आणि उद्या एकच ट्रॉली लावा. दुसरीचं संक्रांतीनंतर बघू."