जीर्ण म्हणजे जुनं नव्हे



आजचा श्लोक : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय २, श्लोक २२.

हा श्लोक आपल्यातल्या बहुतेकांना पाठ असतो. माणूस जीर्ण झालेली वस्त्रं टाकून नवी घेतो, तसा देही जीर्ण शरीरं टाकून नवी धारण करतो, असा साधा अर्थ. दहाव्याच्या प्रवचनात ऐकलेला, श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर वाचलेला. मध्यंतरी ऑफिसातल्या एका मित्रानं तो वेगळ्याच प्रसंगी म्हटला. दोन वर्षांचा, चांगला चालणारा फोन एक्स्चेंजला देताना! आम्ही सगळे हसलो. पण विनोद बाजूला ठेवला तर आपण खरोखरच हा श्लोक असा वापरतो. नवं घ्यायला गीतेची परवानगी मिळाल्यासारखा.

आता नीट बघा. श्लोकातला शब्द 'जीर्ण' आहे. आपण मनातल्या मनात त्याचा अर्थ 'जुना' करून टाकतो आणि तिथंच गडबड होते. हा उपदेश कुठं चाललाय? कुरुक्षेत्रावर. समोर भीष्म आहेत तसा सोळा वर्षांचा अभिमन्यूही उभा आहे. त्याचं शरीर कुठल्या हिशोबानं जुनं? तरीही श्लोक त्यालाही लागू आहेच. म्हणजे जीर्ण ही वयाची गोष्ट नसावी. ज्याचं काम संपलं ते जीर्ण, मग वय सोळा असो की शंभर. हा अर्थ मला पटतो. आणि मग एक अडचणीचा प्रश्न उरतो : काम संपलं की नाही, हे ठरवायचं कुणी आणि कसं?

याचं उत्तर शोधताना मला गेल्या जानेवारीतली आमच्या पाचोडची एक गोष्ट आठवते. आमची तिथं मोसंबी आहे. आंबे बहारासाठी झाडांना आधी ताण देतात, मग जानेवारीत पहिलं पाणी सोडतात, त्याला आंबवणी म्हणतात. ताण सोडायचा म्हणजे सोडायचाच, पाणी लांबलं की फुलाचं गणित बिघडतं. नेमकी त्याच आठवड्यात विहिरीतली पाच एचपीची मोटार जळाली. रात्रीची लाइट, एक फेज गेला, आणि स्टार्टरनं वेळेवर तोडलं नाही. पुण्यात मला फोन आला तेव्हा आण्णांचं ठरलं होतं : "भरून आणतो."

शहरातल्या वाचकांसाठी सांगतो, मोटार भरणे म्हणजे जळालेलं वायंडिंग काढून तांब्याची नवी तार गुंडाळणे. (पाण्याच्या पाईपच्या तळाशी असतो तो फूट व्हॉल्व्ह, त्याला आमच्याकडं सगळे 'फुटबॉल' म्हणतात, तो वेगळा विषय.) भरायला साडेचार हजार, नवीला बावीस हजार. मी सवयीनं एक्सेल शीट उघडली. पण मोटार २००१ सालची होती आणि आण्णांच्या डोक्यात रकाने वेगळे होते. ती त्यांनी आणि काकांनी दोराला धरून विहिरीत उतरवलेली. २०१२-१३ च्या दुष्काळात आमच्या भागात मोसंबीच्या बागाच्या बागा वाळल्या, लोकांनी कुऱ्हाड लावली. आमची अर्धी वाचली, ती टँकरनं विहिरीत ओतलेलं पाणी याच मोटारीनं ठिबकला चढवलं म्हणून. असल्या यंत्राला भंगार म्हणायला जीभ रेटत नाही. मी याला वेडेपणा म्हणणार नाही. कृतज्ञता आहे ती. दसऱ्याला आपण अवजारांची पूजा करतो ती काय उगाच?

मोटार भरणाऱ्यानं ती उघडली आणि आण्णांना आतली बाजू दाखवली. स्टेटर पातळ पोलादी पत्र्यांच्या थप्पीचा बनलेला असतो. प्रत्येक पत्रीवर इन्सुलेशनचा पातळ थर असतो, म्हणजे पत्र्यांमध्ये नको तो प्रवाह फिरत नाही. जळालेली तार सुटावी म्हणून बहुतेक ठिकाणी सरळ जाळ देतात, आणि जाळ जास्त झाला की तो थर खराब होतो. आमची मोटार आधी दोनदा भरलेली होती. शिवाय बेअरिंगचं घर झिजून रोटर आत घासत होता. तो म्हणाला, "काका, भरून देतो. फिरंल पण. पण गरम होईल अन् करंट जास्त ओढील."

हे सांगताना त्याचे साडेचार हजार जात होते. भरून देऊन गप्प बसला असता तर कुणाला कळणारही नव्हतं.

आता इथं एक गंमत आहे. २०२४ पासून राज्यात साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेत वीज मोफत आहे. म्हणजे मोटारीनं जास्त वीज खाल्ली तर आण्णांच्या खिशातून काय जाणार? काहीच नाही. एक्सेलमध्ये तो रकाना शून्य. व्यवहाराच्या भाषेत जुनी मोटार भरणंच शहाणपणाचं ठरतं. पण वीज काही हवेतून येत नाही. एका डीपीवर शेजारपाजारच्या बऱ्याच मोटारी असतात. आपली जास्त ओढते तेव्हा लाइनच्या शेवटी असलेल्याच्या शेतात व्होल्टेज पडतं. व्होल्टेज पडलं की त्याची मोटार तेच काम करायला जास्त करंट घेते, तापते आणि एक दिवस जळते. आण्णांनी तिथं एकच प्रश्न विचारला : "डीपीवर लोड येईल का?" तो म्हणाला, "आपल्या एकट्यामुळं नाही. पण सगळ्यांच्याच जुन्या आहेत ना."

आण्णांनी नवी घेतली, ताऱ्यांचं लेबल बघून. हो, फ्रीजसारखं पंपसेटवरही ते लेबल असतं. दुकानदार म्हणत होता, आता घेताच आहात तर स्टार्टर, केबल, पाईप सगळंच नवं टाका. आण्णांनी प्रत्येक गोष्ट तपासून घेतली. केबल चांगली होती, पाईप चांगला होता, ते जुनंच ठेवलं. स्टार्टरमध्ये फक्त फेज गेल्यावर तोडणारं युनिट नवं बसवलं, कारण मूळ दुखणं तिथं होतं.

मला वाटतं 'जीर्ण' शब्दाचा अर्थ लावणं म्हणजे हेच. सरसकट 'नवं' नाही, सरसकट 'जुनं' नाही. कुठला भाग संपलाय ते उघडून बघायचं.

आता अठराव्या अध्यायातले ७ ते १० हे श्लोक यासोबत वाचा. तिथं भगवंत त्यागाचे तीन प्रकार सांगतात. संदर्भ नियत कर्माचा आहे, वस्तूंचा नाही, हे आधीच कबूल करतो. ओढूनताणून अर्थ काढायचा नाही. पण आरसा म्हणून ते फार उपयोगी पडतात. मोहापोटी सोडणं तामस. कष्ट पडतील म्हणून, शरीराला त्रास नको म्हणून सोडणं राजस, आणि अशा त्यागाचं फळ मिळत नाही. आपण 'डिक्लटर' म्हणत जे काही फेकतो, त्यातलं किती या दुसऱ्या खान्यात जातं? दुरुस्तीवाला शोधायचा कंटाळा, दोन दिवस फोनशिवाय राहायची भीती. २०२२ मध्ये केंद्र सरकारनं 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल सुरू केलं. तिथं कंपन्यांची दुरुस्तीची माहिती एका जागी मिळते. आपल्यापैकी कितीजणांनी ते उघडलंय? आणि दहाव्या श्लोकातला त्यागी नावडत्या कामाचा द्वेष करत नाही, आवडत्या कामात अडकतही नाही. ही दुसरी बाजू आपण विसरतो. जपून ठेवण्यातही आसक्ती असू शकते. 'मी वस्तू टाकत नाही' हासुद्धा एक छान अहंकार आहे.

कोकणात याच प्रश्नाला जास्त धार येते. छोट्या होडीच्या मागे लावलेली आउटबोर्ड मोटार घ्या. जुनी टू-स्ट्रोक असेल तर किनाऱ्यावर पाना-पकड घेऊन उघडता येते, धूर मात्र फार आणि तेलही जास्त पिते. नवी फोर-स्ट्रोक कमी पिते, पण इंधनाचं इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन असलेली बिघडली तर कंपनीचा माणूस लागतो. खारं पाणी आतल्या थंड करणाऱ्या वाटांमध्ये मीठ साठवतं, म्हणून फेरीनंतर गोड्या पाण्यानं धुवावी लागते. धुणं टळत गेलं की वरून चकचकीत मोटार आतून संपलेली असते. आमची विहिरीतली बंद पडली तर बहार जाईल. ती वाऱ्यात, लाटांत बंद पडली तर माणसं जातील. तिथं 'चालेल अजून एक सीझन' हे मालकानं एकट्यानं म्हणायचं नसतं. होडीत बसणारा प्रत्येक जण त्या वाक्यात असतो.

आमचा तालुका पैठण, त्यामुळं नाथांकडं गेल्याशिवाय माझं चिंतन पूर्ण होत नाही. ज्ञानेश्वरी सांगितली गेली शके १२१२ मध्ये, नेवाशात. पुढं जवळपास तीनशे वर्षं हातानं नकला होत गेल्या आणि पाठ बिघडत गेले. नाथांना नवी गीताटीका लिहिता आली नसती का? ज्यानं काशीत बसून एकनाथी भागवत पूर्ण केलं, त्याला काय अवघड! भाषाही तोवर बदलली होती, 'जुनी झाली' म्हणायला निमित्त आयतं होतं. पण नाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, पोथ्या पडताळून ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, आणि यात कुणी आपली ओवी घालू नये असं बजावून ठेवलं. बिघडलं होतं ते लेखकूंच्या हातून, माउलींचा शब्द जीर्ण झालेला नव्हता. म्हणून तेवढीच दुरुस्ती, एक ओवीही स्वतःची नाही. आणि नवं सांगायचं होतं तिथं त्याच माणसानं भागवत लिहिलं, भारुडं लिहिली, मनसोक्त.

उद्या श्लोक २३ घेऊ. तोपर्यंत घरातली एखादी बंद पडलेली वस्तू, मिक्सर, पंखा, काहीही, टाकण्याआधी एकदा दुरुस्तीवाल्याकडून उघडवून घ्या आणि आत काय निघालं ते कमेंटमध्ये सांगा.

राम कृष्ण हरी.