एलएससीएच

इंजिनिअरिंगच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेची, म्हणजे कॅपची यादी ज्यांनी रात्री जागून चाळली आहे, त्यांना ‘एलएससीएच’, ‘एलओबीसीएच’ ही अक्षरं पाठ असतात. एल म्हणजे मुलींची जागा, मधे प्रवर्ग, शेवटी एच म्हणजे आपल्याच विद्यापीठाच्या हद्दीतली. मुलींचं ३० टक्के आरक्षण समांतर आहे, ते प्रत्येक प्रवर्गाच्या आत लागू होतं. म्हणून एखादी मुलगी आहे, दलित आहे आणि सोलापूरचीच आहे, हे सगळं तिथे एका दमात वाचलं जातं. त्या यादीबद्दल मला मनापासून आदर आहे. पुढच्या चार वर्षांत तिला असं एकत्र वाचणारं कुणी भेटत नाही.

मी पहिल्या वर्षाला ड्रॉइंग शिकवते. समोरून पाहिलं तर उभा दंडगोल आणि चौकोनी ठोकळा दोन्ही आयतच दिसतात. वरून पाहिल्यावर फरक कळतो. आतली रचना गुंतागुंतीची असेल तर तुटक रेषांचं जंजाळ होतं आणि मग छेदच घ्यावा लागतो. समावेशनाचे आमचे अहवाल मात्र एकाच बाजूने काढलेले असतात. एका तक्त्यात मुली किती, दुसऱ्यात राखीव प्रवर्गाचे विद्यार्थी किती. आकडे खरेच असतात. पण कॅम्पस मुलाखतीत निवड झालेल्या मुलींपैकी सोलापूरजवळच्या कुंभारीच्या विडी कामगार घरकुलातल्या किती, हे कुठल्याच तक्त्यातून निघत नाही.

जात, लिंग, वस्ती असं एकत्र वाचण्याला ‘आंतरछेदी स्त्रीवाद’ म्हणतात. हे नाव ऐकलं की आमचे प्राध्यापक म्हणतात, हे समाजशास्त्रवाल्यांचं. वास्तविक ही कल्पना मोटारीच्या कारखान्यातून आली आहे. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९६४पूर्वी कृष्णवर्णीय बायकांना कामावर घेतलंच नव्हतं. पुढे सत्तरच्या दशकात मंदी आली आणि ‘शेवटी आला तो आधी बाहेर’ या नियमाने सेवाज्येष्ठतेची यादी लावली, तेव्हा नेमक्या याच बायका बाहेर पडल्या. एमा डिग्राफनरीड आणि तिच्या सहकारी कोर्टात गेल्या. १९७६मध्ये कोर्टाने सांगितलं की कंपनीने बायका घेतल्या होत्याच, वंशभेदाची तक्रार वेगळी मांडा, दोन्ही मिळून तिसरा दावा होत नाही. ज्या बायका कंपनीने आधीपासून घेतल्या होत्या, त्या गोऱ्या होत्या. कायद्याच्या अभ्यासक किंबर्ले क्रेनशॉ यांनी १९८९मध्ये हाच निकाल तपासून त्या कोंडीला नाव दिलं.

त्याच १९८९ साली मराठीत ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं ‘आम्हीही इतिहास घडवला’ आलं, आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांबद्दलचं. त्याच्याही आधी, १८५५मध्ये, फुल्यांच्या शाळेतल्या चौदा वर्षांच्या मुक्ता साळवेने ‘ज्ञानोदया’त मांग-महारांच्या दुःखावर लिहिताना डोक्यावर छप्परही नसलेल्या बाळंतिणींची अवस्था मांडली होती. जातीचं दुःख बाईच्या शरीरावर कसं उतरतं, हे तिला कुठल्या सिद्धांतावाचून दिसलं होतं. हा निबंध इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला लावायला हवा, असं मी गंभीरपणे म्हणते.

वर्कशॉपमध्ये चार जणांचा गट असतो. व्हाइसला जॉब मुलं लावतात, फाइल तीच चालवतात. जर्नल मुली लिहितात, ‘अक्षर चांगलं असतं’ म्हणून. त्यातही जिच्या घरी तेलुगू, शाळेत मराठी आणि आता तोंडी परीक्षा इंग्रजीत, ती जर्नल वाचूनही दाखवत नाही. गप्प बसते. त्या गप्प बसण्याचे मार्क जातात आणि आम्ही शेरा लिहितो, ‘आत्मविश्वास कमी’.

शासनाने २०२४पासून आर्थिक दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्गातल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली. फार मोठं काम झालं. पण फी सुटली तरी बसचं वेळापत्रक तेच राहतं, संध्याकाळच्या प्रॅक्टिकलनंतर घरी पोचायची काळजी तीच राहते आणि आईच्या सुपातल्या विड्या संपवायला रात्री मुलीचेच हात लागतात.

गेल्या वर्षी फिटिंग शॉपमध्ये सरांनी विचारलं, टेम्प्लेट म्हणजे काय? कुणीच बोलेना. मागून एक मुलगी हळूच म्हणाली, “पत्रा. आई त्यावर पान कापते.” वर्ग हसला. सर हसले नाहीत, त्यांनी तिला तो आणायला सांगितला.

दुसऱ्या दिवशी तिने रुमालात गुंडाळून आणला. छोटासा, काळपट, तेंदूच्या पानाचा वास लागलेला. कात्री त्याच्या कडेने रोज शेकडो वेळा फिरलेली. आम्ही व्हर्नियर लावला. एक कड दुसरीपेक्षा जास्त झिजलेली होती. कडेची मापं तिने पुन्हा पुन्हा घेतली, कारण पान लहान कापलं गेलं की विडी छाटात जाते आणि छाटाची मजुरी मिळत नाही, हे त्या वर्गात तिला एकटीलाच ठाऊक होतं.

मग तिने शीट काढलं. समोरून, वरून, बाजूने. झिजलेल्या कडेला वेगळं माप टाकलं. खालच्या चौकटीत भागाचं नाव लिहायचं असतं, तिथे तिने मराठीत लिहिलं, ‘विडीच्या पानाचा पत्रा’. मी ते इंग्रजीत करायला सांगितलं नाही. शीटवर सही केली आणि जॉबला फाइल कोण लावणार, ते त्या दिवसापासून आळीपाळीने ठरवायला लागले.