यंत्राचा सातबारा

ज्या कागदाच्या आधारें एखादा कारभारी आमच्या वतीनें कारभार करतो, तो कागद आम्हांस वाचावयास मिळावा कीं नाहीं? प्रश्न जुना आहे. तलाठ्याच्या दप्तराविषयीं तो विचारला गेला, सरकारी फायलींविषयीं विचारला गेला. आतां तो घरांतील संगणकाविषयींही विचारावा लागतो.

आमच्यापुढें तो उभा राहिला तो मालवणांतच. आमच्या एका विद्यार्थ्यानें टीव्हीला जोडावयाची एक जुनी पेटी विकत आणिली व तींत लिनक्स बसविलें. आंत नवी चिप आहे असें विकणाऱ्यानें सांगितलें होतें. विद्यार्थ्यानें पडद्यावर एक मजकूर उघडून दाखविला. त्यांत नांव निघालें तें जुन्या चिपचें. "पण हा मजकूर तरी खरा कशावरून?" असें आम्ही विचारलें. तो म्हणाला, "सर, तोही कोणीतरी लिहिलेलाच आहे. पण यंत्र चालतं तें याच्यावर विसंबून." हें उत्तर आमच्या मनांत घोळत राहिलें.

यंत्राचे भाग आणि त्यावर चालणारे प्रोग्राम यांच्यामध्यें कर्नेल नांवाचा कारभारी असतो. कांहीं भाग कर्नेलनें विचारतांच आपली ओळख सांगतात. परंतु मोबाइलच्या किंवा अशा लहान पेटीच्या चिपमधील पुष्कळ भाग मुके असतात. कोणता भाग कोणत्या पत्त्यावर आहे हें कोणीतरी आधीं लिहून ठेवावें लागतें. या लेखी वर्णनास 'डिव्हाइस ट्री', म्हणजे उपकरणांचा वृक्ष, म्हणतात. 'ओपन फर्मवेअर' या १९९४ च्या मानकांत ही पद्धत आढळते. एआरएम जातीच्या चिपांचें वर्णन पूर्वीं लिनक्सच्या पोटांतच, प्रत्येक यंत्रासाठीं निराळें, लिहिलेलें असे. २०११ मध्यें लिनक्सचे जनक लिनस टॉरव्हाल्ड्स यांनीं त्या पसाऱ्याविषयीं उघड त्रागा केला, आणि पुढें वर्णन बाहेर काढून वृक्षरूपानें देण्याची रीत रूढ झाली. कर्नेल हें वर्णन वाचतो, त्याप्रमाणें वागतो, आणि तेंच वर्णन फाइलींच्या रूपानें वापरणाऱ्यासमोरही मांडतो. आमचा विषय तो हाच.

कोकणांतील वाचकांस सातबाऱ्याचा दाखला जवळचा वाटेल. आमच्याकडील उताऱ्यावर सामाईक हिस्सेदारांचीं नांवें ओळीनें असतात. त्यांतील कांहीं कधींच वारलेल्यांचीं असतात. उतारा म्हणजे जमीन नव्हे. तरी कर्ज, खरेदी, वाटणी हीं सारीं त्यावर चालतात. म्हणून उतारा वाचावयास मिळाला म्हणजे सत्य मिळालें असें होत नाहीं. पण आपल्याविषयीं काय खरें मानलें जात आहे तें कळतें, आणि तें कळलें तरच दुरुस्तीचा अर्ज करतां येतो. राज्याच्या २००२ च्या व देशाच्या २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्यांमागें हेंच तत्त्व आहे.

कोणी म्हणेल, हा मजकूर उघडून पाहणारा हजारांत एखादा. असेल, परंतु पूर्वीं वाडींत उतारा वाचतां येणाराही एखादाच असे, आणि त्याच्या वाचण्यानें इतरांचें रक्षण होई.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. उघडें ठेविलेलें चोरासही दिसतें. १६६४ मध्यें ज्याचा पाया घातला गेला त्या आमच्या सिंधुदुर्गाचा दरवाजा होडींतून येणाऱ्यास सहजासहजीं दिसत नाहीं, तो उगीच नव्हे. यंत्राची नेमकी ओळख हातीं आली कीं एखादा आगंतुक प्रोग्राम त्या खुणेवरून माणसाचा माग काढूं शकतो. लिनक्सनें यावर तोड काढिली आहे: नेहमीच्या संगणकांत यंत्राच्या प्रकाराचें नांव सर्वांस वाचतां येतें, पण त्याचा अनुक्रमांक केवळ सर्वाधिकारी वापरकर्त्यास. हा भेद आम्हांस योग्य वाटतो. दरवाजा परक्यापासून लपविणें निराळें आणि किल्लेदारापासून लपविणें निराळें. खेद याचाच, कीं आज पुष्कळ मोबाइलांत तो सर्वाधिकार विकत घेणाऱ्यास दिलेलाच नसतो. स्वतःच्या किल्ल्यांत तो परका ठरतो.

तिसरी अडचण कारभाऱ्याची. एकदां दाखविलेल्या मजकुरावर इतरांचे प्रोग्राम उभे राहतात. मग त्याची मांडणी मनास येईल तशी बदलतां येत नाहीं. कर्नेल लिहिणारे नवी माहिती उघडी करण्यास कचरतात तें यामुळें. हें ओझें खरें आहे. परंतु ज्यास दप्तर कोणास दाखवावें लागत नाहीं, त्या कारभाऱ्याचें ओझें हलकें असतें म्हणून तो चांगला, असें आम्ही म्हणणार नाहीं.

त्या पेटीचें पुढें काय झालें तें वाचकांस सांगितलें पाहिजे. तिची नेटची जोडणी चालत नव्हती. वर्णन दुसऱ्याच पेटीसाठीं लिहिलेलें होतें व त्यांतील एक नोंद या पेटीस लागू नव्हती, हें विद्यार्थ्यानें वाचून शोधिलें, नोंद सुधारिली, आणि जोडणी चालूं लागली. पेटी त्यानें परत केली नाहीं. त्या दिवसापासून ती खरोखर त्याची झाली, असें आम्हांस वाटतें.